फोटो कुठे, व्हिडिओ कुठे, आवाज कुठे: मोदकाच्या एका लेखावरून

गणेश चतुर्थीच्या सकाळी पावणेसातला चिपळूणजवळच्या मावशीचा फोन आला. "अगं, तुझी ती मोदकांची कृती उघडतच नाही. नुसतं गोल गोल फिरतंय. पाणी उकळलंय इथे. पिठी किती घालू तेवढं सांग."

एका वाटीला एक वाटी, एवढंच तिला हवं होतं. मी तोंडीच सांगितलं आणि मग ओशाळून माझाच लेख मोबाईलच्या डेटावर उघडून पाहिला. आदल्या आठवड्यात मोठ्या हौसेने चढवला होता. फोटो बावीस, प्रत्येक साधारण ४ एमबीचा, म्हणजे ८८ एमबीचं ओझं. वर पान उघडताच आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. पुण्यात घरच्या वायफायवर सगळं झकास दिसत होतं. आणि मावशीला हवं असलेलं प्रमाण? ते मी फुलापानांच्या चौकटीत सजवून एका चित्रात टाकलं होतं. चित्र उतरलं नाही, की प्रमाणही नाही.

तो लेख मी नंतर मुळापासून पुन्हा बांधला. काय काढलं, काय ठेवलं आणि का, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण मोदकांचं असलं तरी तुम्हाला नऊवारी नेसायला शिकवायची असो, सायकलची उतरलेली चेन बसवून दाखवायची असो की सातबारा वाचायला शिकवायचा असो, पायऱ्या याच आहेत.

१. आधी कोरडा मजकूर लिहा आणि तो कुठे अडतो ते पाहा

कॅमेरा हातात घेण्याआधी संपूर्ण कृती नुसत्या अक्षरांत लिहून काढा. एकही चित्र नको. मग ती अशा माणसाच्या हातात द्या, ज्याने ते काम कधी केलेलं नाही. मी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला ओट्यापाशी उभं केलं आणि स्वतः तोंड मिटून बाजूला बसले. तोंड मिटणं महत्त्वाचं. आपण मधेच "हां, आता जरा हलव" म्हणालो, की चाचणी वाया गेली.

तो चार ठिकाणी थांबला. "उकड मऊ मळून घ्या" म्हणजे किती मऊ? "सारण कोरडं होत आलं की उतरवा", पण होत आलं हे ओळखायचं कसं? "कळ्या पाडून तोंड मिटवा" इथे तर त्याने पारी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. चौथं, मोदक वाफवून झाले हे झाकण काढून कशावरून ठरवायचं?

गंमत म्हणजे माझ्या बावीस फोटोंपैकी अकरा फोटो तो जिथे अजिबात अडला नाही अशा ठिकाणचे होते. नारळ फोडताना, नारळ खवताना, खवलेला नारळ वाटीत, वेलदोडे खलबत्त्यात. फोटो चांगले आले होते म्हणून ते लेखात गेले होते, वाचकाला हवे होते म्हणून नाही. पहिल्या पायरीत हाच निवाडा करायचा असतो: वाचक जिथे अडतो तिथे माध्यम, बाकी ठिकाणी अक्षरं.

२. अडचण कसली आहे, त्यावरून माध्यम ठरवा

वस्तू *दिसते कशी* हे सांगायचं असेल तर फोटो. हात *हलतो कसा* हे सांगायचं असेल तर व्हिडिओ. वाचकाचे हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतील तर आवाज. प्रमाण, तापमान, वेळ, पत्ता, किंमत असेल तर अक्षरं आणि फक्त अक्षरं. जागा सांगायची असेल तर नकाशा. "देवळाच्या मागच्या गल्लीतून डावीकडे" हे कितीही रसाळ लिहिलं तरी माणूस चुकतोच.

या हिशेबाने मोदकांच्या चार अडचणींची वाटणी अशी झाली: उकडीला दोन फोटो, सारणाला तीन फोटोंची एक ओळ, कळ्यांना एक व्हिडिओ, आणि वाफवणं कळायला एक फोटो अधिक एक वाक्य ("ओलं बोट लावलं तर चिकटत नाही"). शेवटच्या ठिकाणी ते वाक्यच खरं काम करतं. चिकटपणा फोटोत दिसत नाही.

सारणाचं जरा जवळून सांगते, कारण फोटोचा खरा उपयोग मला तिथे कळला. आधी माझ्याकडे तयार सारणाचा एक देखणा फोटो होता. त्यावरून वाचकाला काहीच कळत नव्हतं, कारण तुलनेला शेजारी दुसरं काही नव्हतं. आता तिथे तीन आहेत. पहिल्यात गूळ नुकताच विरघळलाय आणि कढईच्या तळाशी पाक साचलेला दिसतो. दुसऱ्यात उलथन्याने सारण बाजूला ओढलंय, तळ कोरडा दिसतोय, पण खोबऱ्यावर ओलसर चमक आहे. गॅस इथे बंद करायचा. तिसऱ्यात कड तांबूस झालीय, चमक गेलीय. हे सारण गार झालं की त्याचे खडे होतात. तिसऱ्या फोटोसाठी मी अर्धी वाटी सारण मुद्दाम बिघडवलं. बिघडलेल्या गोष्टीचा फोटो कुणी टाकत नाही, आणि शिकणाऱ्याला तोच सगळ्यांत जास्त हवा असतो.

उकडीचंही तसंच. एक गोळा तळव्याने दाबला की कडेला चिरा पडतात, दुसऱ्याची कड गुळगुळीत राहते. दोन गोळे, एक ताट, एक फोटो झाला असता. मी दोन काढले, कारण चिरा जवळून दिसायला हव्या होत्या.

३. फोटो काढताना

महागडा कॅमेरा नको, पण तीन गोष्टी हव्यात.

पहिली, लेन्स पुसा. स्वयंपाकघरात मोबाईलला तुपाचा हात लागतोच आणि मग प्रत्येक फोटोवर धुक्यासारखी साय येते. ॲपच्या नावाने बोटं मोडण्याआधी पदराने लेन्स पुसून बघा.

दुसरी, उजेड एकाच बाजूने घ्या. खिडकीशी ताट ठेवा आणि ओट्यावरचा दिवा बंद करा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला, की पांढरा मोदक अर्धा निळा, अर्धा पिवळा दिसतो आणि नंतर कितीही खटपट केली तरी तो सुधारत नाही. कळ्यांची नक्षी दिसायला उजेड बाजूनेच यायला हवा. समोरून फ्लॅश मारला तर मोदक सपाट दिसतो, सोललेल्या अंड्यासारखा.

तिसरी पांढऱ्या रंगाची. कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मधल्या पातळीवर आणायचा प्रयत्न करतो. म्हणून पांढऱ्या ताटात पांढरे मोदक ठेवले की फोटो करडा येतो. मोदकावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे पक्के होतील, मग बोट वर सरकवून उजेड थोडा वाढवा. नाहीतर सरळ केळीच्या किंवा हळदीच्या पानावर ठेवा. आपल्या आज्यांनी ही सोय केव्हाच करून ठेवली आहे.

एका पायरीचे पाच-सहा फोटो काढा, एक ठेवा. सगळ्या पायऱ्यांचे फोटो एकाच कोनातून आणि एकाच आकारात असतील तर वाचकाला फक्त बदल दिसतो. कोन सारखा बदलला की आधी "हे काय आहे" तेच शोधावं लागतं.

४. ओझं उतरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझी मावशी ज्यात अडकली, ती हीच.

साधा १२ मेगापिक्सेलचा मोबाईल ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो. वाचकाच्या मोबाईलच्या पडद्याला त्यातलं बहुतेक लागतच नाही. लेखासाठी १२०० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. माझी पद्धत अशी:

- रुंदी १२०० पिक्सेल करायची.
- जेपीजी किंवा वेबपी प्रकारात, दर्जा साधारण ७५ ठेवून साठवायचं. वेबपी हा गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार आहे; तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा फाइल बरीच लहान होते, आणि आजचे सगळे प्रमुख ब्राउझर तो दाखवतात.
- फाइल १५० केबीच्या आसपास आली की थांबायचं. नारळाच्या किसासारखी बारीक पोत असलेली चित्रं जड होतात, तिथे २०० केबीपर्यंत चालवून घेते.

यासाठी गूगलचं 'स्क्वूश' हे ब्राउझरमध्येच चालणारं मोफत साधन पुरतं. डावीकडे मूळ, उजवीकडे हलकं केलेलं, मधली रेघ सरकवून फरक डोळ्यांनी बघता येतो. माझ्या नव्या लेखातले सगळे फोटो मिळून १ एमबीच्या आत बसले. ८८ वरून १.

मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपा. हलक्या केलेल्या फोटोवरच पुन्हा पुन्हा काम केलं तर जेपीजी प्रत्येक वेळी थोडा थोडा विटत जातो. आणि घरच्यांनी काढलेले फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखे पाठवले तर ते वाटेतच आक्रसतात.

पानाच्या बांधणीत दोन बारकावे. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या सांकेतिक भाषेत बांधलेलं असतं तिच्यात, लिहिलेली असू द्या. ती नसली तर चित्र उतरताना खालचा मजकूर धपकन खाली सरकतो आणि वाचक वाचत असलेली ओळ हरवते. पिठाच्या हाताने ती परत शोधणं काय असतं, हे करून पाहा. दुसरं, खालची चित्रं वाचक तिथवर पोचल्यावरच उतरावीत अशी सोय असते, तिला लेझी लोडिंग म्हणतात. ती खालच्या चित्रांना लावा, सगळ्यांत वरच्या चित्राला नको. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा निकष आहे, आणि वरचं चित्र थांबवून ठेवलं तर तोच चुकतो.

५. व्हिडिओ: एक कळी, एक मोदक, न कापता

कळ्या पाडणं मी शब्दांत तीनदा लिहिलं. "अंगठा आणि पहिलं बोट यांनी पारीची कड चिमटीत धरा, मधलं बोट आतून टेकवा, चिमूट दाबत वर न्या." बरोबर आहे, पण ज्याला येतं त्यालाच हे वाचून कळतं. इथे व्हिडिओला पर्याय नाही.

पहिला व्हिडिओ मी समोर तिवई ठेवून काढला आणि तो चुकला. समोरून काढलं की बघणाऱ्याला माझा उजवा हात डावीकडे दिसतो, आणि कळ्या उलट्या दिशेने पुढे सरकतात. शिकणारा मनात आरसा धरून उलटं करत बसतो. हाताचं काम दाखवायचं असेल तर कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागून, खाली झुकलेला ठेवा. मग पडद्यावरचे हात बघणाऱ्याला स्वतःचेच वाटतात. रांगोळी, विणकाम, तबल्यावरची बोटं, सगळ्यालाच हे लागू आहे. सेल्फी कॅमेरा तर टाळाच. काही मोबाईल चित्र आरशासारखं उलटं साठवतात.

माझी तिवई म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन डबे, वर पोळपाट, आणि पोळपाटाच्या कडेबाहेर डोकावणारा मोबाईल. मागच्या बाजूला वजनाला वरवंटा. चालतं.

मग काही नियम, अनुभवाने ठरलेले:

पहिली पाच सेकंदं तयार मोदक किंवा थेट हात दाखवा. नमस्कार, स्वागत, नामावळी काही नको. ज्याची पारी वाळत चालली आहे त्याला तुमचं नाव नंतर कळलं तरी चालेल.

एक मोदक सुरुवातीपासून टोकापर्यंत न कापता दाखवा. माझा तो भाग ५० सेकंदांचा आहे. वेग वाढवलेला व्हिडिओ बघायला मजा येते, शिकायला तो निरुपयोगी. हवं तर त्यातली एकच कळी पुन्हा सावकाश दाखवा.

लेखात शिकवण्यापुरता तुकडाच घाला. संपूर्ण कृतीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तो यूट्यूबवर असू द्या आणि वर्णनात वेळेच्या खुणा द्या. यूट्यूबवर प्रकरणं तयार व्हायला पहिली खूण ००:०० ची लागते, किमान तीन खुणा लागतात, आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांहून लहान चालत नाही. "०६:४० कळ्या" एवढं लिहिलं तरी बघणारा आशीर्वाद देतो.

आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ठेवू नका. वाचणारा लोकलमध्ये असतो, कचेरीत असतो, नुकतंच झोपलेलं बाळ मांडीवर असतं. शिवाय डेटा त्याच्या खिशातला जातो. आणि दोन-तीन सेकंदांची हालचाल दाखवायला जिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारं हलतं चित्र, वापरत असाल, तर सोडून द्या. जिफ हा १९८७ चा प्रकार आहे, त्यात एका चौकटीत २५६ च रंग मावतात, आणि तोच तुकडा एमपीफोर या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात कितीतरी हलका होतो. विनाआवाज, पुन्हा पुन्हा फिरणारा एमपीफोर ठेवा.

आणखी एक: यूट्यूबचा व्हिडिओ पानात जोडला की वाचकाने तो सुरू केला नाही तरी त्याचं सामान उतरायला लागतं. मी पानावर फक्त मुखचित्र ठेवते. त्यावर बोट ठेवल्यावर खरा व्हिडिओ येतो.

६. आवाज

लेखांत हे माध्यम फार कमी वापरलं जातं, आणि स्वयंपाकघरात तेच सगळ्यांत सोयीचं आहे. हात पिठात असताना पडदा सरकवता येत नाही. म्हणून कृतीच्या वर मी चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण ठेवलंय: फक्त पायऱ्या, मधे मधे थांबे. "आता झाकण ठेवा, गॅस बारीक करा, दोन मिनिटं थांबा."

बोलणं वाचून दाखवू नका. लिहिलेलं वाक्य आणि बोललेलं वाक्य वेगळं असतं. "उकड गरम असतानाच मळावी" असं लेखात चालतं. ऐकताना "गरम आहे तोवर मळा, हात भाजला तर पाण्यात बुडवा" हेच बरं.

मुद्रण करताना पंखा बंद, फ्रिजपासून लांब, शक्यतो कपड्यांच्या कपाटाशेजारी. कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात. माईक तोंडापासून वीतभर दूर, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. मराठीत ते पुष्कळ बसतात. कापाकापीला 'ऑडॅसिटी' मोफत आहे. साठवताना एकच वाहिनी, म्हणजे मोनो, आणि ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवा. बोलण्याला तेवढं पुरतं. हिशेब सोपा: मिनिटाला साधारण अर्धा एमबी, चार मिनिटांचे दोन एमबीसुद्धा होत नाहीत.

पार्श्वसंगीत घालायचा मोह होतो. बोलण्याखाली सनई वाजत असेल तर कान थकलेल्या माणसाला बोलणं कळत नाही. सुरुवातीला दोन सेकंद पुरे, तीही हक्काची असेल तर.

७. चित्रातली मराठी अक्षरं

इथे आपल्या भाषेची खास दुखणी आहेत, म्हणून थोडी थांबते.

व्हिडिओ संपादनाच्या बऱ्याच ॲपमध्ये देवनागरी मोडते. वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. मोदकाच्या लेखात तर 'पाऱ्या' हा शब्द पदोपदी. त्यातला 'ऱ्या' बऱ्याच फॉन्टना जमत नाही. ते सरळ रफार देऊन 'पार्या' करतात. आचार्य आणि आचाऱ्याला यांतला फरक जिथे मिटतो, तिथे मराठी वाचकाचा डोळा लगेच अडकतो. म्हणून फॉन्ट निवडताना माझी चाचणी एकच ओळ असते: "दुसऱ्या पाऱ्या, क्षणभर उकळी, त्र्यंबक, ॲप, ऑक्टोबर." ही नीट उमटली तर फॉन्ट घ्यायचा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि भरवशाचे आहेत. त्यांचाच एक गलेलठ्ठ फॉन्ट आहे, त्याचं नावच 'मोदक'. शीर्षकाला गोड दिसतो, पण त्यात परिच्छेद लिहायला जाऊ नका.

याच 'ऱ्या'ची आणखी एक खोडी. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हेने टंकता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडेलच असं नाही. एका लेखात एकच तऱ्हा ठेवा. वेगवेगळ्या कीबोर्डवरून लिहून एकत्र चिकटवताना ही गफलत होते.

व्हिडिओवरची अक्षरं मोठी, जाड, आणि मागे गडद पट्टी असलेली हवीत. पांढऱ्या मोदकावर पांढरी अक्षरं कुणी वाचायची? वेबच्या सुलभतेची डब्ल्यूसीएजी नावाची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत नेहमीच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ ला १ असा असावा असं म्हटलं आहे. हे प्रमाण मोजून देणारी मोफत साधनं आहेत. नसतील हाताशी, तर मोबाईल उन्हात धरून वाचा.

आणि प्रमाणं चित्रात घालू नका. हे मी मावशीपायी शिकले. चित्रातली अक्षरं नीट शोधता येत नाहीत, मोठी करता येत नाहीत, वाचून दाखवता येत नाहीत, आणि चित्र उतरलं नाही तर ती नसतातच. "तांदळाची पिठी १ वाटी, पाणी १ वाटी, ओला नारळ २ वाट्या, गूळ १ वाटी" हे साध्या अक्षरांत, पानाच्या सुरुवातीला, सगळ्या फोटोंच्या वर. सजवलेलं चित्र हवंच असेल तर ते व्हॉट्सॲपवर फिरवायला वेगळं करा.

८. न दिसणाऱ्यासाठी, न ऐकू येणाऱ्यासाठी

माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीला दिसत नाही. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा पडदावाचक वापरून ती माझे लेख ऐकते. जुना लेख ऐकल्यावर तिने निरोप पाठवला: "तुझ्या मोदकांत बावीस वेळा आयएमजी आणि एक आठ आकडी संख्या आली. चव काही कळली नाही." चित्रांना वर्णन दिलं नव्हतं, म्हणून यंत्र फाइलचं नाव वाचत होतं.

प्रत्येक चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे पडदावाचक चित्राऐवजी वाचतो ते वर्णन, देता येतो. तिथे चित्राचं काम लिहायचं. "मोदकाचा फोटो" नाही, "सुंदर मोदक" तर नाहीच. "सारण बाजूला ओढल्यावर कढईचा तळ कोरडा दिसतो, खोबरं अजून ओलसर आहे" हे बरोबर. "याचा फोटो" अशी सुरुवात नको; यंत्र स्वतःच 'चित्र' म्हणतं. नुसतं शोभेचं चित्र असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, म्हणजे पडदावाचक ते ओलांडून पुढे जातो. गाळू नका, रिकामा *ठेवा*. दोन्हींत फरक आहे, आणि मैत्रिणीने ऐकलं ते गाळल्याचं फळ होतं.

व्हिडिओत जे बोलता त्याची मराठी अक्षरं (सबटायटल) खाली द्या. आपोआप तयार होणारी मिळत असतील तर ती कच्चा खर्डा समजा. माझ्या एका व्हिडिओत 'उकड' सगळीकडे 'उघड' झाली होती, "उघड मळून घ्या", आणि ते माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. ध्वनिमुद्रणाखाली त्याचा मजकूर द्या. कृती तिथे असतेच, त्यामुळे काम वाढत नाही.

९. दुसऱ्याचं चित्र, दुसऱ्याचा चेहरा

"गूगलवर मिळालं" ही परवानगी नव्हे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो सहसा काढणाऱ्याच्या मालकीचा असतो आणि तो हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बाहेरचं चित्र लागलंच तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या साठ्यात, शोधा. तिथे प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. 'सीसी बाय' (क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या खुल्या परवान्यांपैकी एक) असेल तर काढणाऱ्याचं नाव आणि परवाना लिहायचा. 'सीसी बाय-एसए' असेल तर तुम्ही बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. गाण्यांच्या बाबतीत आणखी सावध राहा. गणपतीची आरती परंपरेने चालत आली असली, तरी एखाद्या कंपनीने केलेलं तिचं ध्वनिमुद्रण त्या कंपनीचं असतं. घरच्यांनी टाळ वाजवत म्हटलेली वापरा, छानच लागते.

मोदक वळणाऱ्या काकूंचा चेहरा येत असेल तर त्यांना विचारा, आणि "कुठे टाकणार" हेही सांगा. मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना विचारा. मोबाईलच्या फोटोत काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरात काढलेला फोटो चढवण्याआधी ते काढून टाका. स्क्वूशसारख्या साधनातून हलका करून घेतला की बहुधा ते गळून जातात, पण एकदा फोटोची माहिती उघडून खात्री करा.

१०. चढवण्याआधी

क्रम लावून घ्या. फोटो ज्या वाक्याचा, त्या वाक्याला चिकटून, वाक्याच्या *नंतर*. सगळे फोटो शेवटी एकत्र ठेवले तर तो अल्बम होतो. फोटोखालची ओळ आवर्जून लिहा; घाईतला वाचक मजकूर सोडून तीच वाचतो, म्हणून तिथे "सारण तयार!" न लिहिता "गॅस इथे बंद करा" लिहा.

दुवा पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर दिसणारं चित्र वेगळं ठरवता येतं. १२०० बाय ६३० पिक्सेल, आडवं, हलकं. न ठरवलं तर पानातलं कुठलंही उचललं जातं. माझ्या लेखाला कितीतरी दिवस बिघडलेल्या सारणाचा फोटो लागत होता.

मग चाचणी. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये इंटरनेटचा वेग मुद्दाम मंद करायची सोय आहे. तिथे थ्रीजी निवडून पान उघडा आणि घड्याळ लावा. त्यानंतर चित्रं पूर्ण बंद करून वाचा: कृती तरीही करता येते का? मग आवाज बंद करून व्हिडिओ बघा. शेवटी मोबाईल हात लांब करून धरा, ओट्यावर ठेवल्यासारखा, आणि अक्षरं दिसतात का पाहा.

दरवर्षी श्रावणात मी लेख पुन्हा उघडते. जोडलेला व्हिडिओ चालतो का, ध्वनिमुद्रण वाजतं का, कुणी खाली नवीन अडचण विचारली आहे का. गेल्या वर्षी तिघांनी एकच विचारलं होतं: मोदक वाफवताना तळाशी फुटतात. त्यासाठी फोटो काढायला बसले आणि लक्षात आलं, की फोटो नकोच. एक वाक्य वाढवलं: "मोदक पात्रात ठेवण्याआधी प्रत्येकाचा तळ पाण्यात बुडवून घ्या." मावशीला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे तर मी तुला लहानपणीच सांगितलं होतं."